त्यायले पार्टी नसते, बदली असते

आमच्याकडे कोर्टाच्या तारखेला तारीख म्हणत नाहीत, पेशी म्हणतात. पेशीच्या दिवशी वणीच्या न्यायालयाबाहेर चहाच्या टपरीवर जी मंडळी जमते, तिच्या हातात पूर्वी वकिलाने दिलेली चिठ्ठी असायची. आता मोबाइलमध्ये सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो आणि तो टाकला की पुढची पेशी कळते. एकच गोष्ट त्या मोबाइलमध्ये सापडत नाही, म्हणून ती टपरीवर विचारली जाते. मागच्या उन्हाळ्यात कापडी पिशवी घेऊन आलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने माझ्यासमोर आपल्या वकिलाला विचारले, "नवे सायेब कोन्या पार्टीचे हायेत जी?" वकील चहा फुंकत म्हणाला, "काकाजी, त्यायले पार्टी नसते, बदली असते."

काकाजी हसले नाहीत. त्यांची शंका खरी होती आणि उत्तर अर्धे होते. न्यायाधीशाला पक्ष असतो का, असला तर तो निकालात उतरतो का, आणि उतरत नसेल तर लोकांना तसे का वाटते, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. टपरीवर ते एकाच कपात ढवळले जातात. दूरचित्रवाणीवर आणि संसदेतही फार वेगळे होत नाही, म्हणून जरा मागून सुरुवात करतो.

वणीपुरते बोलायचे तर मागे जायला वाट सोपी आहे. आजच्या यवतमाळ जिल्ह्याचे नाव १९०५ पर्यंत 'वुन', म्हणजे वणी जिल्हा असे होते. याच वणीत १८८० मध्ये माधव श्रीहरी अणे जन्मले. ते पुढे लोकनायक बापूजी अणे झाले, यवतमाळला वकिली केली, टिळकांचे अनुयायी झाले. टिळकांवर त्यांनी लिहिलेल्या 'तिलकयशोऽर्णव' या संस्कृत ग्रंथाला त्यांच्या मृत्यूनंतर साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. गावातले मोठे महाविद्यालयही लोकमान्य टिळकांच्या नावाचे आहे. तेव्हा वणीकराने हा प्रश्न टिळकांच्या खटल्यांपासून तपासायला हरकत नाही. न्यायाधीशाचा राजकीय कल ओळखून निकाल सांगणाऱ्या माणसाची इतकी फजिती दुसरीकडे कुठे होत नाही.

१८९७ चा राजद्रोहाचा खटला. टिळकांना जुलैअखेर अटक झाली. जामिनाचा अर्ज उच्च न्यायालयात गेला तेव्हा तो फेटाळणाऱ्या दोन न्यायमूर्तींत एक पार्सन्स होते आणि दुसरे महादेव गोविंद रानडे. रानडे पुण्याचे, काँग्रेसच्या स्थापनेत सामील झालेले, आणि सामाजिक प्रश्नांवर टिळकांचे जाहीर विरोधक. खटला सत्राकडे वर्ग झाल्यावर पुन्हा अर्ज झाला. या वेळी समोर बद्रुद्दीन तय्यबजी होते, १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष. त्यांनी जामीन दिला. म्हणजे एकाच पक्षाच्या गोतावळ्यातल्या दोघांनी काही दिवसांच्या अंतराने उलट आदेश दिले. तय्यबजींसमोर टिळकांची बाजू मांडणारे बॅरिस्टर होते दिनशा दावर. पुढे खटला स्ट्रेची यांच्यापुढे चालला. ज्युरीत सहा युरोपीय आणि तीन हिंदी होते, मतेही तशीच सहाविरुद्ध तीन पडली आणि टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली.

अकरा वर्षांनी, १९०८ मध्ये, टिळक पुन्हा आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले तेव्हा न्यायासनावर तेच दिनशा दावर होते. ज्याने एकदा टिळकांच्या जामिनासाठी युक्तिवाद केला, त्याने आता जामीन नाकारला. तो अर्ज घेऊन उभे होते बॅरिस्टर जिना. सात युरोपीय ज्युरर दोषी म्हणाले, दोन पारशी निर्दोष म्हणाले. २२ जुलैच्या रात्री दावरांनी सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली आणि टिळक मंडालेला गेले. पुन्हा १९१६ मध्ये सरकारने टिळकांकडून चांगल्या वर्तनाचा जामीन मागितला. तो आदेश उच्च न्यायालयात रद्द करणाऱ्या दोन न्यायमूर्तींपैकी बॅचलर इंग्रज होते. जुन्या अशिलाला शिक्षा देणारा दावर आणि राजद्रोह्याला सोडणारा बॅचलर यांचा निकाल टपरीवरच्या कुठल्या हिशेबात बसला असता?

मुंबईच्या न्यायासनावर त्या काळात काँग्रेसची माणसे बसणे नवलाचे नव्हते. काशिनाथ त्रिंबक तेलंग बसले. नारायण गणेश चंदावरकर तर १९०० च्या लाहोर काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि लगेच पुढच्या वर्षी न्यायमूर्ती. आज अशी नेमणूक झाली तर किती दिवस चर्चा रंगेल, कल्पना करा. वि. म. तारकुंडे हे सासवडचे गृहस्थ मानवेंद्रनाथ रॉय यांच्या रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्षाचे सरचिटणीस होते आणि स्वातंत्र्यानंतर, १९५७ ते १९६९, मुंबईत न्यायमूर्ती होते. दिल्लीत कृष्ण अय्यर केरळच्या १९५७ च्या कम्युनिस्ट मंत्रिमंडळातून आले. २४ जून १९७५ ला इंदिरा गांधींची निवडणूक रद्द करणाऱ्या निकालाला सशर्त स्थगिती देणारे सुटीतले न्यायमूर्ती तेच होते. के. एस. हेगडे तर काँग्रेसचे राज्यसभा सदस्य होते, आणि एप्रिल १९७३ मध्ये इंदिरा सरकारने ज्या तिघांना डावलून अजितनाथ राय यांना सरन्यायाधीश केले, त्यांत हेगडे होते. १९७७ मध्ये ते जनता पक्षाकडून लोकसभेत गेले आणि पुढे सभागृहाचे अध्यक्षही झाले.

मागची पार्टी पाहून न्यायाधीशाचा अंदाज बांधणे हे चंद्र पाहून पावसाचा अंदाज बांधण्यासारखे आहे. कधी जमते, म्हणून लोकांचा विश्वास बसतो.

१९७३ च्या त्या डावलण्यामागची विचारसरणी मात्र नीट वाचली पाहिजे. मोहन कुमारमंगलम यांनी संसदेत त्याचे समर्थन केले तेव्हा न्यायाधीशाचे तत्त्वज्ञान सरकारने पाहायला हवे, असा मुद्दा उघडपणे मांडला. संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादा घालणारा केशवानंद भारतीचा निकाल डावलण्याच्या आदल्या दिवशी, २४ एप्रिलला लागला होता. त्यानंतरची आणीबाणी आपल्या पिढीला ठाऊक आहे. नऊ उच्च न्यायालयांनी अटकेत असलेल्यांची बाजू घेतली आणि १९७६ मध्ये उच्च न्यायालयांच्या सोळा न्यायमूर्तींच्या बदल्या झाल्या. २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाने जबलपूर प्रकरणात सांगितले की आणीबाणीत बेकायदा अटकेविरुद्धही दाद मागता येणार नाही. पाच जणांच्या त्या पीठात य. वि. चंद्रचूड बहुमतात होते. एकटे हंसराज खन्ना विरोधात गेले. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून बेग सरन्यायाधीश झाले आणि खन्नांनी राजीनामा दिला. चंद्रचूडांचा तो निकाल २०१७ मध्ये मोडीत काढणाऱ्या नऊ जणांच्या पीठात त्यांचेच चिरंजीव धनंजय होते, आणि मुख्य निकालपत्र त्यांनीच लिहिले.

बदली हे खरे हत्यार आहे, हे टपरीवरच्या वकिलाला माहीत होते. वणीसारख्या ठिकाणचा दिवाणी न्यायाधीश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून येतो आणि साधारण तीन वर्षांनी दुसऱ्या गावी जातो. त्याची बदली तहसीलदार करत नाही, पालकमंत्री करत नाही. घटनेच्या २३५ व्या कलमाने ती सत्ता उच्च न्यायालयाकडे आहे. तालुक्याच्या गावात हे फार मोठे संरक्षण आहे. इथे पोलीस निरीक्षकाची बदली कुणाच्या फोनवर झाली, याची गावभर कुजबुज होते. न्यायाधीशाबद्दल ती कुजबुज करायला जागाच कमी आहे. तशी जागा वरच्या मजल्यावर आहे. उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कोण होणार आणि कोणाची बदली कुठे होणार, हे १९९३ च्या निकालापासून वरिष्ठ न्यायमूर्तींचे वृंद, म्हणजे कॉलेजियम ठरवते, आणि सरकार फाइल अडवून बसू शकते. संसदेने त्याऐवजी राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग आणला. सर्वोच्च न्यायालयाने १६ ऑक्टोबर २०१५ ला चार विरुद्ध एक मतांनी तो रद्द केला. मला दोन्ही व्यवस्था पटत नाहीत. एकीत राजकारणी बसतात, दुसरीत बंद दार बसते.

नागपूरचे उदाहरण इथून जवळचे. बापूजींचे नातू श्रीहरी अणे राज्याचे महाधिवक्ता होते. वेगळ्या विदर्भ-मराठवाड्याबद्दलच्या वक्तव्यांवरून गदारोळ झाला आणि मार्च २०१६ मध्ये त्यांनी पद सोडले. सरकारी वकिलाने मत मांडले तर त्याची खुर्ची जाते, हे तसे रास्तच. तो पक्षकाराचा माणूस असतो. त्यांच्यानंतर ही जबाबदारी नागपूरचेच रोहित देव यांच्याकडे आली आणि २०१७ मध्ये ते उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. टपरीच्या हिशेबाने हे भाजप सरकारचे माणूस. याच न्यायमूर्ती देव यांच्या पीठाने १४ ऑक्टोबर २०२२ ला जी. एन. साईबाबा यांना माओवाद्यांशी संबंधांच्या आरोपावरून गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने दिलेली जन्मठेप रद्द केली. खटल्याला लागणारी मंजुरी कायद्याप्रमाणे घेतली गेली नव्हती, हे कारण. दुसऱ्याच दिवशी, शनिवार असूनही, सर्वोच्च न्यायालय बसले आणि आदेशाला स्थगिती मिळाली. नंतर प्रकरण नव्या पीठाकडे आले. त्या पीठानेही ५ मार्च २०२४ ला साईबाबांना निर्दोष सोडले. मधल्या काळात, ऑगस्ट २०२३ मध्ये, देव यांनी भर न्यायालयात राजीनामा जाहीर केला. त्यांच्या अलाहाबादला बदलीची शिफारस झाली होती. त्या दोन गोष्टींत काही संबंध होता असे म्हणण्याचा अधिकार माझ्याकडे नाही. पण लोकांनी तो जोडला, आणि बंद दाराची व्यवस्था असली की लोक जोडणारच.

आता दुसरी बाजू. फेब्रुवारी २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयात व्हिक्टोरिया गौरी यांची नेमणूक झाली. त्या भाजपच्या महिला आघाडीत होत्या आणि अल्पसंख्याकांबद्दलची त्यांची काही भाषणे आक्षेपार्ह होती, म्हणून वकील सर्वोच्च न्यायालयात गेले. याचिका फेटाळली गेली. त्या पीठात अमरावतीचे भूषण गवई होते. त्यांनी सुनावणीत सांगितले की राजकीय पार्श्वभूमी मलाही आहे, पण न्यायासनावरच्या इतक्या वर्षांत ती आड आली नाही. दोन वर्षांनी, जुलै २०२५ मध्ये, हेच गवई सरन्यायाधीश असताना वृंदाने आरती साठे यांचे नाव मुंबई उच्च न्यायालयासाठी सुचवले. त्या महाराष्ट्र भाजपच्या प्रवक्त्या होत्या. रोहित पवार आणि विरोधी पक्षांनी हरकत घेतली, भाजपने त्यांनी आधीच पद सोडल्याचे सांगितले, आणि ऑगस्टमध्ये नेमणूक झाली. मला यात एक फरक महत्त्वाचा वाटतो. पक्षाचा सदस्य असणे आणि पक्षाचा प्रवक्ता असणे यांत अंतर आहे. प्रवक्त्याचे काम आपल्याच बाजूचे बरोबर असते हे रोज सांगणे. ते तोंड बंद केल्यावर किती दिवसांनी तोल सावरतो, हे नियमाने ठरवायला हवे होते. तारकुंडे, तेलंग यांची उदाहरणे देऊन ही शंका झटकता येत नाही.

गवईंचे प्रकरण मी जरा रेंगाळून सांगतो, कारण ते आपल्या वऱ्हाडचे आहेत आणि या प्रश्नाचे खरे उत्तर मला तिथे दिसते. वडील रा. सू. गवई रिपब्लिकन पक्षाचे मोठे नेते, पुढे बिहार, सिक्कीम, केरळचे राज्यपाल. भाऊ राजकारणात. २१ जुलै २०२३ ला राहुल गांधींची मोदी आडनावाच्या बदनामीच्या खटल्यातली याचिका त्यांच्यासमोर आली. त्यांनी आधी सांगितले की माझे वडील काँग्रेसशी संबंधित होते, भाऊ आजही आहे. कुणाची हरकत असेल तर मी हा खटला ऐकत नाही. दोन्ही बाजूंनी हरकत नाही असे सांगितले. ४ ऑगस्टला राहुल गांधींच्या दोषसिद्धीला स्थगिती मिळाली. एखाद्याने म्हणावे, बघा, काँग्रेसचे घर. पण याच न्यायमूर्तींनी जानेवारी २०२३ मध्ये नोटाबंदी वैध ठरवणारे बहुमताचे निकालपत्र लिहिले होते. याच न्यायमूर्तींचा निवडणूक रोखे रद्द करणाऱ्या फेब्रुवारी २०२४ च्या पीठात सहभाग होता. ऑगस्ट २०२४ मध्ये अनुसूचित जातींतही क्रीमीलेअर असावे असे मत त्यांनी दिले, तेव्हा नाराज झाले ते आंबेडकरी चळवळीतलेच अनेक. ऑक्टोबर २०२५ मध्ये भर न्यायालयात त्यांच्या दिशेने बूट फेकण्याचा प्रयत्न करणाऱ्या वकिलाने त्यांना कुठल्या पक्षात टाकले असेल, हे वेगळे सांगायला नको. त्याच सुमारास अमरावतीत संघाच्या कार्यक्रमासाठी त्यांच्या आईंचे नाव पत्रिकेत आले, त्यावर वाद झाला आणि आईंनी जाणार नसल्याचे पत्र प्रसिद्ध केले. न्यायमूर्तींच्या घरच्या निमंत्रणपत्रिकेचीही बातमी होते, ही त्या खुर्चीची किंमत.

दिसण्याचा प्रश्न असाच. ११ सप्टेंबर २०२४ ला पंतप्रधान नरेंद्र मोदी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूडांच्या घरी गणपतीच्या आरतीला गेले. महाराष्ट्रात गणपतीला कुणीही कुणाकडे जातो, यात आपल्याला काही वाटत नाही. पण शिवसेनेच्या फुटीचे प्रकरण तेव्हा त्याच न्यायालयात पडून होते आणि संजय राऊतांनी सरन्यायाधीशांनी त्यातून बाजूला व्हावे असे म्हटले. चंद्रचूडांच्याच पीठाने मे २०२३ मध्ये राज्यपालांची कृती चुकीची ठरवली होती आणि उद्धव ठाकरेंनी स्वतः राजीनामा दिल्याने त्यांना परत मुख्यमंत्री करता येत नाही, असेही सांगितले होते. त्या निकालावर दोन्ही गट नाराज होते. ते सगळे आरतीच्या एका चित्रफितीने पुसले गेले. पुढे नोव्हेंबरात निवडणूक झाली, वणीत मशालीचा उमेदवार निवडून आला, आणि धनुष्यबाण खरा कोणाचा हा प्रश्न न्यायालयात तसाच राहिला. उशीर हाही निकालच असतो, आणि तो न्यायाधीशाच्या पक्षापेक्षा जास्त पक्षपाती वाटू शकतो.

मग नजर कुठे ठेवायची? माझे उत्तर असे की न्यायाधीशाच्या मागच्या खात्यापेक्षा पुढची उधारी बघा. सर्वोच्च न्यायालयात ६५ व्या वर्षी आणि उच्च न्यायालयात ६२ व्या वर्षी निवृत्ती येते. त्यानंतरची लवादे, आयोग, राज्यपालपदे, राज्यसभा, हे सगळे सरकारच्या हातात. बहरुल इस्लाम जानेवारी १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालय सोडून निवडणुकीच्या तयारीला लागले आणि काँग्रेसने त्यांना राज्यसभेत नेले. रंगनाथ मिश्रा १९९८ मध्ये काँग्रेसकडून राज्यसभेत. सदाशिवम २०१४ मध्ये केरळचे राज्यपाल. रंजन गोगोई निवृत्तीनंतर चार महिन्यांत राज्यसभेत. आपल्या मुंबई उच्च न्यायालयातले अभय ठिपसे २०१८ मध्ये काँग्रेसमध्ये गेले, कोलकात्याचे अभिजित गंगोपाध्याय मार्च २०२४ मध्ये राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले आणि खासदार झाले. ही नावे काढली की प्रत्येक पक्ष फक्त दुसऱ्याची नावे वाचतो. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेल्या चागलांसारखा माणूसही यातून सुटला नाही. सेटलवाडांच्या विधी आयोगाने १९५८ मध्ये निवृत्त न्यायमूर्तींनी सरकारी पदे घेऊ नयेत अशी शिफारस केली. चागला त्या आयोगाचे सदस्य होते, आणि त्याच वर्षी अमेरिकेत राजदूत म्हणून गेले.

माधव अणे, शुभंकर दाम आणि जिओव्हानी को या तिघा अभ्यासकांनी १९९९ ते २०१४ मधले, सरकार पक्षकार असलेले सर्वोच्च न्यायालयाचे निकाल तपासले. पहिले आडनाव वणीकराला घरचे वाटेल. सरकारची मुदत पुरेशी उरलेली असताना निवृत्त होणाऱ्या न्यायमूर्तींचा कल महत्त्वाच्या खटल्यांत सरकारकडे झुकतो आणि तसे निकाल लिहिणाऱ्यांना पद मिळण्याची शक्यता वाढते, असा त्यांचा निष्कर्ष. म्हणजे यात पक्षाचा रंग दुय्यम. जे सरकार तेव्हा गादीवर असते त्याच्याकडे काटा कलतो.

अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष न्यायाधीश नेमतो, सिनेट मतदान करते आणि कोण कोणाचा हे उघड असते. काहींना त्यात प्रामाणिकपणा दिसतो. मला नाही. पण तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला तहहयात नेमणूक असते, पुढच्या नोकरीचे आमिष तरी नसते.

आमच्याकडे हे बोलून दाखवले गेले आहे. २०१२ मध्ये भाजप विरोधात असताना अरुण जेटलींनी पक्षाच्या वकिलांच्या परिषदेत म्हटले होते की निवृत्तीनंतरच्या नोकरीचा परिणाम निवृत्तीआधीच्या निकालांवर होतो. त्याच वर्षी आपले नागपूरचे नितीन गडकरी पक्षाध्यक्ष होते. निवृत्ती आणि पद यांत दोन वर्षांचे अंतर हवे असे त्यांनी सांगितले. दोन वर्षांनी त्यांचेच सरकार आले. अंतर मात्र आले नाही. गवईंनी सरन्यायाधीश असतानाच निवृत्तीनंतर कुठलेही सरकारी पद घेणार नाही असे जाहीर केले आणि २३ नोव्हेंबर २०२५ ला ते निवृत्त झाले. एका माणसाचा शब्द म्हणून तो मोठा आहे. पण वणीच्या टपरीवरच्या काकाजींनी प्रत्येक न्यायमूर्तीचा शब्द वेगळा कसा तपासायचा?

वणीचा माणूस मत चंद्रपूर लोकसभेला देतो, कचेरीचे काम यवतमाळला करतो आणि उच्च न्यायालयातले अपील नागपूरला. चंद्रपूरचे खासदार पुढच्या वेळी गावात आले, तर रस्त्यासोबत एवढेही विचारा: घटनेचे कलम १२४ (७) सर्वोच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायमूर्तीला वकिली करायला मनाई करते, सरकारी पद घेण्याआधी दोन वर्षे थांबायला सांगणारा कायदा मात्र अजून का नाही?